आधी पाय मोज

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घाचा आणि माझा मेळ कधी बसला नाही, आणि शाळा माझी चौथीत सुटली. वही थोरल्या मुलीची आहे. मागची पानं कोरी होती म्हणून घेतली. कुणाच्या हाती पडलीच तर अक्षराला खुशाल हसा, पण वाचा. माणूस सांगण्यासारखा आहे.

आमच्या तात्यांसमोर कुणी काहीही आणून धरलं, की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "आधी पाय मोज."

मुलं काडेपेटीत कोळी घेऊन यायची. तात्या चष्मा नाकावर ओढायचे, मोजायचे आणि काडेपेटी परत द्यायचे. "आठ. आपल्या खात्यात नाय. आपलं खातं सहा पायांचं." एकदा कुणीतरी गोम आणली. तात्या थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ने रे बाबा. एवढे पाय मोजायचा पगार सरकार मला देत नाय." खेकडा आणला तर मात्र ते परत देत नसत. "दहा पाय. ह्याचं खातं चुलीवर," म्हणून ठेवून घ्यायचे.

लग्नाच्या पंगतीतही तेच. माझ्या नणंदेच्या लग्नात त्यांच्या भातात काळं काही निघालं. दुसरा माणूस गुपचूप बाजूला सारतो. तात्यांनी ते पत्रावळीच्या कडेवर ठेवलं, पाय मोजले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सोंडा हाय. तांदूळ गेल्या सालचा हाय." तांदूळ व्याह्यांचा होता, ते वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. तात्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. "मी तांदळाला नावं ठेवली नाय. किड्याचं नाव सांगितलं."

हे धर्मातात्या म्हणजे माझे चुलत सासरे. आमची बौद्धवाडी कापडे गावची. आमचं घर रस्त्याच्या अंगाला आणि त्यांचं वाडीच्या पार वरच्या टोकाला, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी. बायको फार पूर्वी वारली, मूलबाळ नाही. पोलादपूरच्या शेतकी ऑफिसात ते शिपाई होते. सकाळच्या एस.टी.ने जायचे, संध्याकाळी आंबेनळीच्या घाटाकडे जाणाऱ्या गाडीने यायचे. मी सांगते ते साल पंचाहत्तर-शहात्तरच्या आसपासचं.

त्यांच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं. त्यात किड्यांची मोठमोठी पुस्तकं, रंगीत चित्रांची. कपाटाला कुलूप, आणि चावी तात्यांच्या कमरेला, कारण धूळ पुसायचं काम त्यांचं. शेतकरी यायचे, वाळलेली रोपं टेबलावर टाकायचे. साहेब फिरतीवर असायचे. शेतकरी थोडा वेळ बाकावर बसायचे आणि शेवटच्या गाडीने परत जायचे. तात्या म्हणायचे, "रोगी दारात, औषध कपाटात, नि चावी माझ्या कमरेला. मला झोप कशी लागंल गो?"

मग त्यांनी एक काम सुरू केलं. शनिवारी एक पुस्तक पिशवीत घालून घरी आणायचं आणि सोमवारी साहेब यायच्या आत जागेवर ठेवायचं. चोरून. पण पुस्तकं मराठीत असली तरी ती मराठी कुणाच्या बापाला कळेल अशी नव्हती. तात्या सातवी पास. ते म्हणाले, "एक कुलूप कपाटाला, दुसरं भाषेला. पहिल्याची चावी माझ्यापाशी, दुसऱ्याची तुझ्यापाशी."

मी म्हटलं, "माझ्याकडं कुठली चावी? मी चौथी."

"तीच तर चावी. तुला कळलं म्हंजे सगळ्या तालुक्याला कळंल."

तेव्हापासून दर रविवारी ते आमच्या ओटीवर येऊन बसायचे. मी तांदूळ निवडायची, सासूबाई पान कुटायच्या आणि तात्या मोठ्याने वाचायचे. "अर्भकावस्थेतील कीटक पर्णातील रस शोषून घेतात."

मी मान हलवायची. नाही कळलं.

मग ते चित्र दाखवायचे आणि आपल्या भाषेत सांगायचे. मी ते परत सांगायची, "म्हणजे पिल्लं पानाचा रस पितात." तात्या लगेच, "लिही." मला बोलायची फार लाज वाटायची. सासूबाईंसमोर तर मी गरजेपुरतंच तोंड उघडायची. पण तात्यांनी ठरवून ठेवलेलं, की मी मान हलवली की ते वाक्य रद्द. एकदा तर अख्खं पान रद्द झालं. सासूबाई म्हणाल्या, "भावजी, सरकारनं एवढं शिकलेल्या लोकान्ला लिहायला लावलं, नि आमची सून त्यान्ला नापास करते?"

"होय. आमच्या शाळेत हीच बाई."

शाळेने एक जुना फळा टाकून दिला होता. तात्यांनी तो उचलून आणला आणि फाट्यावर, जिथे आमच्या वाडीची वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथे, दोन खांबांवर ठोकला. तात्यांचं अक्षर असं, की त्यांना स्वतःलाच दुसऱ्या दिवशी लागत नसे. म्हणून लिहायचं माझ्याकडे आलं. मी पहाटे, रस्त्यावर कुणी नसताना जाऊन लिहून यायची. मोठी अक्षरं, थोडके शब्द.

"रोपाचा मधला पोंगा पिवळा पडला? ओढून बघा. सहज हातात आला तर आत अळी आहे. ते रोप उपटून पुरून टाका."

"चतुर मारू नका. तो डास नि तुडतुडे खातो. तो आपला गडी आहे, पगार मागत नाही."

हे शेवटचं तात्यांचं.

वरच्या आळीत शंकरराव म्हणून मोठे शेतकरी होते. आमच्या वाडीत ते कधी आले नव्हते, आणि यायचं कारणही नव्हतं. एका सकाळी बघते तर शंकरराव फळ्यासमोर उभे. हातात छत्री. सासूबाईंनी ओटीवरून विचारलं, "काय हो, कुठं निघाला?"

"गाडीची वाट बघतोय."

गाडी आत्ताच गेली होती. मागचा धूरही अजून खाली बसला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "बघा, बघा. दुसरी साडेअकराला हाय. तवर वाचून होईल." शंकररावांनी छत्री उघडली. पाऊस नव्हता, तरी उघडली आणि तिच्याआडून वाचत राहिले.

त्यांच्या खाचरात भाताची पानं पांढरी पडत होती. फळ्यावर त्या आठवड्यात सुरळीतली अळी होती. ती पानाचा तुकडा कापून त्याची नळी करते, आत राहते आणि नळीसकट पाण्यावर तरंगते. लिहिलं होतं, "दोघांनी दोरी धरून रोपांवरून ओढा. नळ्या पाण्यात पडतील. मग पाणी सोडा, वाटेत टोपली लावा." औषध नाही, खर्च नाही. दुसऱ्या दिवशी शंकररावांच्या खाचरात दोन गडी दोरी ओढताना सगळ्यांनी पाहिले.

भात वाचलं. त्यांनी गड्याबरोबर तात्यांना पायलीभर तांदूळ पाठवले. तात्यांनी परत पाठवले. सासूबाई चिडल्या. "वरची आळी आपल्याला काय कधी देत नाय. एकदा दिलं तर ते बी परत? फुकट का सांगायचं त्यान्ला?"

तात्या एरवी थट्टेत बोलायचे. त्या दिवशी नाही. "वहिनी, माझ्या बापानं महाडात पाण्यासाठी काठ्या खाल्ल्या. नि मी किड्याचं नाव दडवून ठेवू? पाण्याला कुलूप नको, तसं ह्याला बी नको. ज्याला तहान तो पिईल."

तांदूळ घेऊन निघालेला गडी अजून अंगणातच होता. मग तात्या गड्याला म्हणाले, "मालकान्ला सांग, तांदूळ नको. फळ्यावर पाऊस पडतो, चार कौलं असली तर बघा." चार दिवसांनी शंकरराव स्वतः कौलं घेऊन आले. छप्पर होईपर्यंत खांब धरून उभे राहिले. नंतर सासूबाईंनी चहा दिला आणि त्यांनी तो घेतला. तात्या मला म्हणाले, "बघितलंस? एका अळीनं कुठवर काम केलं ते."

आता माझ्या चुकीकडे येते. ती टाळता येणार नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात जुने साहेब बदलून गेले आणि नवे यायला महिना लागणार होता. तोवर कपाट दुसरं कुणी उघडणार नाही म्हणून तात्यांनी सगळ्यात मोठं पुस्तक घरी आणलं. त्यांच्या घराला गळती. म्हणून ते पुस्तक मला दिलं. "सुनबाय, जिवापाड जप. सरकारी हाय."

आमच्या घरात सगळ्यात कोरडी जागा म्हणजे भाताची कणगी. आमच्याकडे दागिना असो, कागद असो, पावसाळ्यात जपायचं ते कणगीत. मी पुस्तक फडक्यात गुंडाळलं आणि पार तळाला ठेवलं, म्हणजे मुलींचा हात लागायला नको. वर भात ओतलं आणि निश्चिंत झाले.

महिन्याने नवे साहेब येणार म्हणून तात्या पुस्तक मागायला आले. मी भात उपसलं. फडकं हाताला लागलं ते मातीसारखं. आत पुस्तकाचा वरचा पुठ्ठा आणि चार-दोन पानं होती, बाकी काही नव्हतं. कणगीच्या बुडातून वाळवी वर आली होती आणि तिने किड्यांचं पुस्तक खाल्लं होतं.

त्याच महिन्यात मी फळ्यावर माझ्या हाताने लिहिलं होतं, "वाळवी जमिनीतून येते. कागद, लाकूड जमिनीला टेकवून ठेवू नका." सगळ्या तालुक्याने वाचलं. मी फक्त लिहिलं.

मला रडूही येईना. तात्यांच्या निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. सरकारी पुस्तक चोरून आणलं, वर त्याची माती झाली. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, आणि सगळं माझ्यामुळे. तात्या खाली बसले, उरलेली पानं उलटली आणि एक वाळवी बोटावर घेतली. मला वाटलं आता ओरडतील.

"सहा," ते म्हणाले. "आपल्याच खात्यातली हाय."

मग चुरा फडक्यात बांधून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी घरात कुणाला न सांगता एस.टी.त बसले. सगळ्या वाटेने एकच वाक्य घोकत होते, "साहेब, पुस्तक माझ्या हातून गेलं, त्यांचा दोष नाही." लग्नानंतर परक्या पुरुषाशी मी एवढं लांब वाक्य बोलले नव्हते.

ऑफिसच्या दारात पोचले तेव्हा ते फडकं साहेबांच्या टेबलावर उघडं होतं आणि तात्या समोर उभे. साहेब तरुण होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं.

तात्या लगेच म्हणाले, "माझी सून हाय साहेब. डबा घेऊन आलीय."

माझ्या हातात डबा नव्हता. साहेबांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"पुस्तक घरी कशाला नेलं?"

"वाचाया."

"आणि हे असं कसं झालं?"

"माझा हलगर्जीपणा, साहेब. जमिनीवर ठेवलं." मग फडक्यातलं एक पान पुढे सरकवून, "पन एक हाय. वाळवीचं पान तिनं शिल्लक ठेवलंय. स्वतःबद्दलचं तेवढं खाल्लं नाय."

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. खोकल्यासारखं केलं. मग विचारलं, "येताना कापडे फाट्यावर एक फळा दिसला. जीप थांबवून वाचला. तो कोण लिहितं?"

तात्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. आता साहेबही बघायला लागले. घोकलेलं वाक्य आठवेना. मी म्हटलं, "मी. अक्षर वाईट आहे."

"अक्षर वाईट आहेच," साहेब म्हणाले. "पण मला चार वर्षं कॉलेजात जे कळलं नाही, ते त्या फळ्यावर दोन ओळींत कळलं."

मग उरलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. कणगी, फडकं, भात, सगळं. तात्या मागून हळूच म्हणत होते, "गप गो, गप." साहेबांनी ऐकून घेतलं. तक्रार वर पाठवणार नाही म्हणाले. पुस्तकाची किंमत तेवढी भरावी लागेल. अठ्ठेचाळीस रुपये, तात्यांच्या पगारातून. "आणि ह्यापुढे कपाट उघडं राहील. ज्याला पुस्तक हवं त्याने वहीत सही करून न्यावं."

तात्यांनी विचारलं, "ज्याला सही येत नाय त्यानं?"

"अंगठा."

"अंगठ्यावर बी पुस्तक मिळंल?"

"चित्रं तर बघता येतात ना?"

तात्यांनी कमरेची चावी काढून टेबलावर ठेवली. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी इतकी हलकी झाले होते, की घाटाच्या दिशेला ढग दिसले तेही छान वाटले.

मी त्यांना म्हटलं, "अठ्ठेचाळीस रुपये मी फेडणार." मला खात्री होती ते नको म्हणतील. पायलीभर तांदूळ परत करणारा माणूस. पण ते म्हणाले, "फेड. महिन्याला दोन रुपये. एक तारखेला घरी आणून द्यायचे."

खरं सांगते, मला थोडं लागलं. पण मनात म्हटलं, बरोबरच आहे, पैसे त्यांचेच गेलेत.

अंड्यांचे पैसे मी साठवायची. एक तारखेला वाडीच्या टोकापर्यंत चढून जायची. तात्या जुन्या पिवळ्या सरकारी कागदाच्या मागे पावती करून द्यायचे. "दोन रुपये मिळाले. बाकी शेहेचाळीस." मग चहा. एरवी ते कोरा चहा प्यायचे, पण एक तारखेला दूध आणलेलं असे. एकदा कोंबड्या विकल्या आणि मी एकदम दहा रुपये घेऊन गेले. त्यांनी दोन घेतले, आठ परत दिले. "हप्ता म्हंजे हप्ता. किडा बी एका दिवसात फुलपाखरू होत नाय."

तोवर तात्या निवृत्त झाले. पेन्शन बसली. तिकडे कपाट खरंच उघडं झालं होतं. पुस्तकं घरोघर जायला लागली. शंकररावांची नातवंडं चित्रं बघून आपली आपणच पाय मोजायची आणि नाव सांगायची. फळ्यावर आता वाडीतली मुलंही लिहायची, माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात. रोपं घेऊन, काडेपेट्या घेऊन पऱ्यापर्यंत कुणी चढेनासं झालं. कशाला चढतील? सगळ्यांना कळत होतं. तात्यांना हवं होतं तेच झालं होतं.

असे तेवीस महिने गेले. चोविसाव्या एक तारखेला मी शेवटचे दोन रुपये घेऊन गेले. लांबूनच दिसलं, तात्या दारात उभे होते. चुलीवर दूध तापत होतं.

"सगळ्या पावत्या आणल्यास? शेवटचा हिशेब हाय."

मी दिल्या. त्यांनी चष्मा ओढला, एकेक पावती मांडीवर ठेवत मोजल्या. "बावीस."

"तेवीस असतील, तात्या."

परत मोजल्या. "बावीसच. एक महिना राहिलाय तुझा. हे दोन घेतो, पन पुढल्या एक तारखेला यावं लागंल."

ज्या माणसाने आयुष्यात कधी एका किड्याचा पाय चुकवला नाही, तो तेवीस कागद मोजताना चुकत होता. मी वर पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. बशीखालून पिवळ्या कागदाचं एक टोक बाहेर आलं होतं.

मी ते टोक पाहिलं नाही असं केलं. म्हटलं, "पुढल्या एकला मी येणारच आहे, तात्या. मोरीत एक किडा दिसतोय रोज. पुस्तकात बघितलं, सापडत नाही. घेऊन येते."

"पाय मोजलेस?"

"तेच तर. मला जमत नाही. पळतो."

"हलवायचा नाय त्याला," तात्या म्हणाले. आवाज एकदम पहिल्यासारखा झाला. "काडेपेटीत घाल, जिवंत आण. दूध घालून चहा ठेवतो." मग त्यांनी बशी उचलली. "अरे, ही बघ गो. खाली गेली होती. तेवीस."

कागद गुडघ्यावर घेऊन त्यांनी चोविसावी पावती लिहिली. त्यांचं अक्षर कुणाला लागत नाही, पण ते मला लागलं. "अठ्ठेचाळीस रुपये मिळाले. पैसे तेवढे फिटले."